मिठाला मीठ दिसलं की

मोठागाव, डोंबिवली पश्चिम
१८ सप्टेंबर २०२५

अक्षदा,

शुक्रवार, १२ सप्टेंबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. तुझ्या हातातल्या बाटलीतलं पाणी बुडापासून पांढरं व्हायला लागलं. गळ्यापर्यंत पोचायला चार श्वास लागले असतील. त्या चार श्वासांत माझं सगळं बदललं. तुझंही बदललं, पण तू माझा फोन ब्लॉक करून लेहला निघून गेलीस, त्यामुळे तुझं काय झालं ते मला कोण सांगणार?

म्हणून पोस्टाने लिहितोय. तुझा पत्ता ना सुदेशने दिला, ना सरांनी. बॅटरीच्या चाळीस डब्यांबरोबर जी चिठ्ठी गेली तिच्यावरून उतरवून घेतला. ती चिठ्ठी मीच चिकटवलेली, विसरू नकोस. वागळे इस्टेटच्या त्या गाळ्यात माझी पण दीड वर्षं गेलीत.

मी कॉलेज अर्धं टाकून आलेला पोरगा. उत्तम सर मला खोकी उचलायला ठेवणार होते, वजनाच्या काट्यापाशी तू उभं केलंस. पहिल्या दिवशी तू जे समजावलंस ते मला अजून पाठ आहे. 'साधं पाणी शून्याला गोठतं, कारण त्याचे कण एकमेकांचे हात धरायला मोकळे असतात. त्यात हे सोडियमचं मीठ भरपूर घातलं की एकेक कण मिठाला चिकटून बसतो. हात मोकळे नाहीत, म्हणून बर्फ नाही. थंडीत पण बॅटरी चालते, आणि पाण्याची असल्यामुळे पेट घेत नाही.' मी विचारलेलं, 'म्हणजे जेवढं मीठ जास्त तेवढं भारी?' तू हसलीस. 'लोणचं घालतोयस का?' मग तुझा फोन वाजला आणि उत्तर राहूनच गेलं.

आता मुद्द्याचं. ती बाटली उणे तीसला अकरा दिवस काचेसारखी स्वच्छ राहिली, आणि बॅटरी बघायला आलेले दिल्लीचे पाहुणे समोर बसल्यावरच ती गोठते? असं आपोआप होत नाही. फ्रीझरच्या किल्ल्या तीन. एक तुझ्याकडे, एक सरांकडे, एक सुदेशकडे. माझ्याकडे नाही. त्या सकाळी सर्वांत आधी कोण आलेलं? सुदेश. फडक्याने बाटल्या कोण पुसत होतं? सुदेश. त्याला कोणी सांगितलेलं पुसायला?

बाटली फ्रीझरमधून मी काढली, हे खरं. पण मी फक्त झाकण उघडलं, थर्मामीटर घातला, 'उणे तीस' असं मोठ्याने वाचलं, झाकण लावलं आणि तुझ्या हातात दिली. एवढंच. तू ती पाहुण्यांसमोर तिरकी केलीस आणि मग ते झालं.

त्यानंतर मी जे बोललो ते बोललो. 'या सुदेशने काहीतरी कालवलंय आणि हिला माहितेय, या दोघांचं आधीपासून चाललंय.' पाहुण्यांसमोर नको होतं, मान्य. पण ते खोटं होतं का, हे तू अजून सांगितलेलं नाहीस. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. सरांनी विचारलं, 'मापांची वही कुणाची?' तू म्हणालीस, 'माझी, सर.' सर म्हणाले, 'मग उत्तर पण तुझंच.' मी बाहेर पडलो तेव्हा दार एवढ्या जोरात आपटलं की वजनाच्या खोलीची काच थरथरली. एरवी तू ओरडली असतीस, 'साई, दार हळू, काट्यावरचा आकडा हलतो!' त्या दिवशी ओरडली नाहीस. ते मला जास्त लागलं.

आता म्हणे पाच डिसेंबरला तिथल्या गावातल्या आरोग्य उपकेंद्रात डबे जोडायचे, बाळंतपणाच्या खोलीत दिवे लागायचे. लागले तर तू राहणार, नाहीतर वही बंद आणि तू घरी. असं सर सगळ्यांसमोर म्हणाले. करायचं एकाने आणि निस्तरायचं तू, असं कसं?

त्या दिवशी मी संध्याकाळी तुला तलावपाळीला फिरायला चल म्हणणार होतो. इस्त्रीचा शर्ट घातलेला. आबांनी सुद्धा ओळखलं. निघताना नेहमीसारखी मिठाची पुडी खिशात कोंबली. आबांचं तुला माहितेय. सगळा जन्म मिठागरात गेला, आता घरात नवा माठ आणला तरी जुन्या मिठातला एक कण त्यात पडल्याशिवाय आम्हाला पाणी पिऊ देत नाहीत. मी म्हटलं, 'आबा, आज दोन कामं आहेत.' म्हणाले, 'तं दोन कन टाक.'

असो. मी सुदेशला सोडणार नाही. तू काही लपवत असशील तर आत्ताच सांग.

साईनाथ


मोठागाव
७ ऑक्टोबर

अक्षदा,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र पोचलं हे मला माहितेय, पोस्टाच्या साइटवर दिसतं. सही पण तुझीच असणार.

ऐक. मी तीन आठवडे सुदेशवर डोळा ठेवून आहे. काय काय दिसलं ते लिहितो, मग तूच ठरव.

एक तर, ती बाटली गायब आहे. पाहुणे गेल्यावर सरांनी ती मोरीत ओतून द्यायला सांगितलेली. ओतणार कोण होतं? सुदेश. मी त्याला विचारलं, 'बाटली कुठाय?'

'कुठली?'

'ती.'

'धुतली असेल कोणीतरी.'

'कोणीतरी म्हणजे कोण? गाळ्यात आपण दोघंच आहोत.'

'मग तूच धुतली असशील,' म्हणाला आणि शिटी वाजवत निघून गेला. बघ! ज्याने काही केलेलं नाही तो अशी शिटी वाजवतो का?

दुसरं, दर गुरुवारी तो चारलाच निघतो. सर विचारत नाहीत. हातात थर्माकोलचा डबा, वर टॉवेल गुंडाळलेला. मी म्हटलं, 'मासे विकतोस का?' तर म्हणतो, 'ए इन्स्पेक्टर, जेवणाचा डबा आणलायस का आज, की माझ्यावरच पोट भरणार?'

तिसरं. त्याचा फोन काट्याजवळ पडलेला, आणि त्याच्यावर तुझं नाव आलं. 'अक्षदा'. नुसतं अक्षदा. मॅडम नाही, काही नाही. म्हणजे नेटवर्क आहे तिथे. फक्त माझ्यासाठी नाही.

मी फोन उचलला नाही. उचलावासा वाटला. त्याला उचलून खाडीत फेकावासा वाटला. फोनला नाही, सुदेशला.

तू म्हणशील, साई, आधी स्वतःचं बघ. बघितलं. पुन्हा पुन्हा बघितलं. वजन मी केलं, त्यात काडीचा फरक नाही. तुझ्या वहीत पाच किलो पाण्याला सहा किलो शंभर ग्रॅम मीठ लिहिलंय. ऑगस्टमध्ये तू आठवडाभर पुण्याला गेलेलीस तेव्हा मी एकट्याने चार घाणे बनवले, बाटल्यांचे आणि चाळीस डब्यांचे पण. सगळे एकाच पद्धतीने. तू परत आलीस, फ्रीझर उघडून बघितलंस, उणे तीसला पाणी हलत होतं. तू हात वर केलास आणि मी टाळी दिली. 'साई, जमलं रे!' असं म्हणालीस. ती टाळी फुकटची नव्हती.

तेव्हा माझ्यावर संशय घेऊ नकोस. मी कशाला माझ्याच पाण्यात काही टाकीन?

साईनाथ

ता. क. घरी सगळे विचारतात, ती ठाण्याच्या कामावरची पोरगी आता फोन का करत नाही. मी सांगितलंय, थंडीत फोन चालत नाहीत.


मोठागाव
२७ ऑक्टोबर

अक्षदा,

मी तुझ्या घरी जाऊन आलो. चिडू नकोस, आधी वाच.

गुरुवारी सुदेश नेहमीप्रमाणे डबा घेऊन निघाला. वागळेहून रिक्षाने खोपटला. मी मागच्या रिक्षात. खोपटला तो मुरबाडच्या एसटीत चढला, मी मागच्या दाराने चढून शेवटच्या बाकावर, तोंडाला रुमाल बांधून. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणतो, 'काय रे, दाढ काढली का?' सगळी गाडी मागे वळून बघते. सुदेश तेवढा वळला नाही. आता वाटतं, त्याला माहीत होतं.

शहाडला उतरला. पुलाखालून चालत गेला आणि सरळ तुझ्या बिल्डिंगमध्ये शिरला. तिसरा मजला. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता समजलं सगळं. पोरगी लेहला, आणि हा इकडे घरच्यांना पटवतोय.

दार वाजवायला हात उचलला, तर ते उघडंच होतं. कलावती काकू समोर पोछा मारत होत्या.

'अगंबाई, साईनाथ! सुदेश, तू बोलला नाहीस दोघं येणार म्हणून. अरे चप्पल तिथेच काढ, लादी ओली आहे. आणि तोंडाला काय झालं?'

'दाढ, काकू,' मी म्हटलं.

'मग लाडू मऊ करून खा.'

सुदेश तुमच्या फ्रीजसमोर उकिडवा बसलेला. वरच्या बर्फाच्या खणात, वाटाण्याच्या पिशवीशेजारी, आपली ती बाटली. तीच. काकूंनी तिच्यावर कागद चिकटवलाय, 'खायचे नाही'.

मी म्हटलं, 'सापडला चोर.'

सुदेश उठलाही नाही. 'चोर? सरांनी ओतायला सांगितलेलं. अक्षदा फोनवर म्हणाली, ओतू नकोस, का गोठलं ते कळेपर्यंत ठेव. गाळ्यातला फ्रीझर सरांना विचारल्याशिवाय उघडता येत नाही, म्हणून दर गुरुवारी इथे येऊन एकेक चाचणी करतो. तिथे तिचं नाव खराब होतंय आणि तू माझ्यामागे रुमाल बांधून फिरतोस? लाज आहे का भावा?'

काकू मध्येच म्हणाल्या, 'भांडायचं तर गॅलरीत जा. आणि दोन्ही लाडू संपवा.'

मग सुदेशने मला दाखवलं. त्याने बाटलीतलं पाणी बाहेर ठेवून पातळ होऊ दिलं, गाळणकागदातून गाळलं, आणि कागदावर एक कण राहिला. विरघळलेला नाही. आपलं मीठ कसं असतं? पिठीसाखरेसारखं, पांढरं शुभ्र. हा जाडा, मातकट, एका बाजूने राखाडी.

'हा कोणी टाकला?' सुदेश म्हणाला. 'याच्यामुळे बाटली बसली असणार. कण मिळाला की त्याच्याभोवती सगळं गोठत जातं.'

काकूंनी चष्मा लावून बघितलं. एक क्षण पण लागला नाही. 'हे खडेमीठ आहे. कैरीच्या लोणच्याला घेतो ते.'

'आपल्याकडे खडेमीठ कुठून येणार, काकू?'

माझ्या तोंडात लाडू होता. मी म्हटलं, 'छतातून पडलं असेल.'

सुदेशने माझ्याकडे बघितलं. मग कागदाची घडी घातली आणि वहीत ठेवली. काकूंनी चहा टाकला. तुझ्या लहानपणीचा फोटो भिंतीवर आहे, दोन वेण्यांचा, त्याच्याकडे बघत मी चहा प्यायलो. जीभ भाजली.

आता सुदेशने खडेमीठ कुठून आणलं ते शोधायला हवं. त्याच्या घरी पण लोणचं घालत असतीलच. तू विचार त्याला.

काकूंची तब्येत चांगली आहे. तू आजारी पडू नयेस म्हणून देवाला हात जोडत नाहीत, रोज रेडिओवर हवामान ऐकतात, असं म्हणाल्या. लेहचं येत नाही म्हणून चिडतात.

साईनाथ


मोठागाव
९ नोव्हेंबर

अक्षदा,

मागचं पत्र टाकून दोन आठवडे झाले. त्यात मी खोटं लिहिलं. आधीच्या दोन्ही पत्रांत पण लिहिलं. तुला कळलं असेलच. तू हुशार आहेस, आणि मला लपवायला येत नाही, फक्त ओरडायला येतं.

तो कण आबांच्या पुडीतला आहे.

थर्मामीटर घालायला झाकण उघडलं तेव्हा टाकला. नखात धरून ठेवलेला. दोन टाकायचे होते, एक कामाचा, एक तलावपाळीचा, पण एकच सुटला, दुसरा खिशात पडला. पाच किलो पाण्यात सहा किलो मीठ आहे, त्यात एका कणाने काय होणार, असं वाटलं. खरं सांगू? वाटलं पण नाही काही. घरी माठात टाकतो तसा टाकला. आणि चार श्वासांनी तुझ्या हातात पांढरं झालं तेव्हा मला त्याच क्षणी कळलं. कळलं म्हणूनच सुदेशवर ओरडलो. ज्याला काही माहीत नसतं तो एवढ्या लवकर कोणावर ओरडत नाही. हे गेले दोन महिने मी दुसऱ्यांमध्ये शोधत होतो.

पण पुढचं ऐक, ते जास्त वाईट आहे.

परवा आबांना विचारलं, 'तुम्ही आगरात जुनं मीठ का टाकायचात? शकुन म्हणून?'

ते ओट्यावर पाय सोडून बसलेले. म्हणाले, 'शकुन कसला रं? पानी कितीबी घट्ट होवदे, बाला, मिठाला मीठ दिसल्याबिगर तं लवकर बसत नाय. उनात तसंच उभं ऱ्हातं, फसवतं. म्हून मूठभर टाकाचं. मंग सगलं पांढरं होतं.'

'आणि पाणी घट्ट नसेल तर?'

'तं टाकलेला कनच इरघलतो. पान्याला भूक हाय तवर मीठ बसत नाय.'

म्हणजे घरात जे देवासारखं चाललंय ते आबांचं नुसतं काम होतं. माझ्यापर्यंत येता येता त्याचा शकुन झाला. आणि पहिल्या दिवशी तुझ्याकडून उत्तर राहून गेलेला प्रश्न, जास्त मीठ म्हणजे जास्त भारी का, त्याचं उत्तर मला ओट्यावर मिळालं.

कारण मी मीठ जास्त घातलेलं, अक्षदा.

तू पुण्याला गेलेलीस. सर म्हणाले, उणे पंचवीस ठीक आहे, पण उणे तीस मिळालं तर पाहुणे उठून उभे राहतील. मला पाहुण्यांचं काही नव्हतं. तू उठून उभी राहावीस असं वाटत होतं. वजन तुझ्या आकड्याला बरोबर केलं, आणि मग वरून बरणीतल्या वाटीएवढ्या मोठ्या स्टीलच्या चमच्याने दोन चमचे. प्रत्येक घाण्यात. वहीत तुझाच आकडा लिहिला. पाणी अकरा दिवस स्वच्छ उभं राहिलं. आबा म्हणतात तसं, फसवत उभं राहिलं. तू टाळी दिलीस.

काल सुदेशला सगळं सांगितलं. मला वाटलं मारेल. त्याने फक्त विचारलं, 'छतातून पडलं का?' मग सरांची परवानगी काढून फ्रीझर उघडला. आम्ही दोन बाटल्या बनवल्या, एक तुझ्या आकड्याची, एक माझी. दोन्ही उणे तीसला. दोन्ही स्वच्छ. मग दोन्हींत पुडीतला एकेक कण. माझी चार श्वासांत पांढरी. तुझी तशीच राहिली. आम्ही जेवून आलो, चहा पिऊन आलो, सुदेशने बाटली गदागदा हलवली, तरी तशीच.

म्हणजे तुझ्या आकड्याला उणे तीस पहिल्यापासून जमत होतं. कोणी करून बघितलंच नव्हतं. मी तर तू परत यायची सुद्धा वाट बघितली नाही.

आता तुझ्याजवळचे चाळीस डबे. ते माझ्या घाण्याचे आहेत. आत्ता ठीक दिसत असतील, कारण अजून थंडी पुरती पडली नाही. पाच डिसेंबरनंतर कधीतरी, ट्रकमधल्या हिसक्याने, डब्यातल्या एखाद्या खडबडीत जागेवर, एक कण बसेल आणि दिवे जातील. त्या बाळंतपणाच्या खोलीत कोणीतरी बाई असेल. आणि वही तुझी आहे.

हे पत्र पोचायला दहा दिवस लागतील. तेवढा वेळ नाही. उद्या सकाळी सरांना सांगतो आणि त्यांनाच तुला फोन लावायला लावतो. हे तरी मी लिहिलं म्हणजे उद्या मागे फिरता येणार नाही. पत्र आत्ता जाऊन टाकतो.

साईनाथ


वागळे इस्टेट, ठाणे
१६ नोव्हेंबर

अक्षदा,

सोमवारी तू फोनच्या त्या टोकाला होतीस, पण इथलं तुला दिसलं नाही.

मी सरांसमोर उभा राहून सांगितलं. पुडी टेबलावर ठेवली. सर मराठीत चिडले की मला सहन होतं, ते इंग्रजीत चिडले. मग म्हणाले, 'अरे गाढवा, त्या मुलीला मी सगळ्यांसमोर...' आणि वाक्य अर्धं सोडून त्यांनी फोन लावला. स्पीकरवर.

मला वाटलेलं तू ओरडशील. मी तयार होतो. तू रडलीस तर काय बोलायचं ते पण ठरवून ठेवलेलं. सरांनी सगळं सांगितलं, मीठ, पुडी, वही. तुझ्याकडून वाऱ्याचा आवाज येत होता. मग तू विचारलंस, 'किती?'

सर म्हणाले, 'काय किती?'

'जास्त किती घातलं? त्याला विचारा.'

मी म्हटलं, 'दोन चमचे.'

'चमचा म्हणजे किती ग्रॅम?'

मी म्हटलं, 'मोजलं नव्हतं.'

'सपाट की शिगोशीग?'

'शिगोशीग.'

'आकडा सांग, साईनाथ. आकडा मिळाला की मी तेवढं पाणी वाढवीन. अंदाज नको.' आणि फोन ठेवलास.

साईनाथ म्हणालीस. साई नाही. तेही कळलं.

मग हा सगळा आठवडा मी चमचा मोजला. तोच चमचा, तीच बरणी, तसाच हात. शिगोशीग भरायचा, काट्यावर ओतायचा, आकडा लिहायचा, मीठ परत बरणीत. पावसाळ्यात बरणीतलं मीठ दमट असतं, आत्ता कोरडं, म्हणून सुदेशने ऑगस्टपासून न उघडलेली तेव्हाचीच बरणी काढून दिली. दोनशे वेळा केलं. पहिल्या दिवशी आकडे उड्या मारत होते, कारण मी चिडलेलो. स्वतःवर चिडून चमचा भरला की जास्त भरतो, हे मला आता आकड्यांत दिसलं. मग बरणीत घाण्यांनंतर उरलेलं मीठ आणि आलेलं मीठ, त्यातला फरक काढला, चारने भागलं, त्यातून वहीतला आकडा वजा केला. दोन्ही वाटांनी एकाच ठिकाणी आलो. पाच किलो पाण्याला सहाशे बारा ग्रॅम जास्त.

सुदेशच्या फोनवरून काल पाठवलं. तुझं उत्तर आलं, 'मिळाला. पाच किलोला अर्धा किलो पाणी वाढवते.' सुदेशने फोन माझ्यासमोर धरला, म्हणाला, 'वाच, इन्स्पेक्टर.' त्याचं तुझ्यावर काही आहे का, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायचा हक्क सहाशे बारा ग्रॅममध्ये गेला.

सर दिल्लीच्या पाहुण्यांना पत्र लिहितायत. तुझ्या वहीत चूक नव्हती, असं त्यात लिहिलंय. मी वाचून घेतलं, दोनदा. एका ठिकाणी 'एका कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे' असं होतं. मी म्हटलं, 'सर, नाव घाला.' त्यांनी घातलं. मला आज शेवटचा दिवस दिलाय. त्यावर मी भांडलो नाही. घरी कळल्यावर आबा विश्वास ठेवणार नाहीत.

या पाकिटात पुडी आहे. घाबरू नकोस, शकुनाची नाही. पाणी वाढवून झालं की एक डबा उघडून उणे तीसला ठेव आणि यातला एक कण टाक. तिथे मीठ मिळत असेल, पण मातकट खडेमीठ मिळेल का ठाऊक नाही, आणि जे आपल्याला फसवून गेलं त्यानेच बघितलेलं बरं. पांढरं झालं नाही तर बाकीचे एकोणचाळीस जोड. झालं तर मला नको कळवूस, सुदेशला कळव, तो बरोबर करेल.

तुझी माफी मागायला मी चार कागद फाडले. त्यात सगळीकडे मीच होतो. म्हणून फक्त हे लिहितो: त्या दिवशी सगळ्यांसमोर तुझ्याबद्दल जे बोललो ते खोटं होतं, आणि बोलताना मला माहीत होतं.

तलावपाळीचं राहू दे.

फडकं वाळत घातलंय. चमचा धुऊन खणात ठेवलाय, त्याच्यावर चिठ्ठी लावलीय, 'याने मोजू नये'. गाळ्याची किल्ली सुदेशच्या टेबलावर आहे. तो आत काट्यावर नवा घाणा घेतोय, तुझ्या आकड्याचा, आणि शेवटचे काही ग्रॅम राहिलेत, त्यामुळे वर बघत नाहीये. पाकिटावर पत्ता आधीच लिहिलेला आहे. आता चिकटवतो, उठतो, आणि बाहेर पडून दार ओढून घेतो. हात कडीवरच ठेवीन, ते चौकटीला टेकेपर्यंत. आकडा हलणार नाही.

साईनाथ